चुन्याची घाणी आणि सिमेंटची गोणी

आजचा विषय तसा बांधकाम व्यवसायाचा आहे, पण मी तो इतिहासाच्या बाजूने मांडणार आहे. 'कमी कार्बनचे बांधकाम', 'हरित इमारत' हे शब्द हल्ली प्रत्येक गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत असतात. गच्चीवर चार सौर पॅनेल, खाली पावसाचे पाणी मुरवायचा खड्डा, आणि प्रकल्प हिरवा झाला. मला त्यावर टीका करायची नाही, या गोष्टी चांगल्याच आहेत. पण आपल्याकडे कमी कार्बनचे बांधकाम शेकडो वर्षे होते. ते गेले कसे आणि का, हा प्रश्न या चर्चेत कुणी विचारत नाही. आपण धरून चालतो की सिमेंट आले, ते मजबूत होते, म्हणून चुना आणि माती मागे पडली. हे अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात कायदा आहे, कर्ज आहे, जनगणना आहे, एक पूर आहे आणि एक भूकंप आहे.

आधी थोडे रसायन, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. चुना काय आणि सिमेंट काय, दोघांची आई एकच, चुनखडी. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लाकडाने भाजा, दगडी कोळशाने भाजा, नाहीतर सौरऊर्जेने भाजा, हे ४४ किलो जाणारच. ते दगडातून येतात, जळणातून नाही. जळणाचा धूर वेगळा. आता फरक बघा. चुना भाजायला साधारण ९०० अंश सेल्सिअस पुरतात. सिमेंटचा क्लिंकर तयार व्हायला १४५० अंशांच्या आसपास तापमान लागते. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. चुना भिंतीत बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. चुना वर्षानुवर्षे घट्ट होत जातो असे जुने गवंडी म्हणत, ते याच कारणाने.

काँक्रीटही हा वायू ओढते, हळूहळू. पण तिथे ते दुखणे ठरते. काँक्रीटचा क्षारधर्म कमी होतो, आतल्या सळईचे संरक्षण जाते, सळई गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येते. मुंबईत ज्यांच्या छताचे पोपडे पडतात त्यांना हे रसायन समजावून सांगायला नको. समुद्राची खारी हवा त्यात भर घालते.

साध्या पोर्टलँड सिमेंटची ५० किलोची एक गोणी म्हणजे ढोबळमानाने ४०-४५ किलो कार्बन डायऑक्साइड. त्यात राख मिसळलेली असेल तर ३० च्या आसपास. जगात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा. आणि सिमेंट उत्पादनात चीनच्या खालोखाल नंबर आपला आहे. एवढा हिशेब डोक्यात ठेवा, आता इतिहासाकडे वळू.

दख्खनचा दगड म्हणजे काळा पाषाण. तो भाजून चुना होत नाही. पण आपल्या काळ्या जमिनीत आणि ओढ्यानाल्यांच्या काठी चुनखडीचे खडे सापडतात. हे खडे वेचायचे, भट्टीत थर लावून भाजायचे, विझवायचे, मग घाणीत मळायचे. घाणी म्हणजे जमिनीत गोल चर, त्यात उभे दगडी चाक, आणि ते ओढणारा बैल किंवा रेडा. जुन्या किल्ल्यांवर, देवळांच्या आवारात ती चाके अजून पडलेली दिसतात. लोक त्यांच्यावर बसून फोटो काढतात. चुन्यात वाळू किंवा विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, आणि ठिकठिकाणच्या रिवाजाप्रमाणे गूळ, हिरडा, बेलफळ, ताग. प्रत्येक गवंड्याचे आपले माप. चुना भाजणे आणि कोळसा पाडणे हा लोणारी समाजाचा पिढीजात धंदा. दगड फोडणे, माती वाहणे हे वडारांचे काम. सिमेंट आले तेव्हा या सगळ्यांच्या हातचे एकेक काम गेले, ही गोष्ट बांधकामाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी लिहिलेली आहे.

पण चुना सगळ्यांना परवडत नव्हता, हेही लक्षात ठेवा. चुन्याचे काम किल्ल्याला, देवळाला, पुलाला, वाड्याच्या दर्शनी भागाला. शनिवारवाडा घ्या. १७३० च्या जानेवारीत पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये. वरचे मजले वीट आणि लाकडाचे होते, म्हणून १८२८ च्या आगीत ते गेले आणि दगडी तट आणि जोती उरली. सामान्य माणसाचे घर मातीचे. आणि माती कोणती? आपल्या गावगाड्यात 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ही नुसती महसुली विभागणी नाही. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, तिची भिंत टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिलेल्या जागेची राख-शेण-मातीची पांढरी मात्र फुगत नाही. म्हणून भिंतीला आणि माळवदाला हीच माती वापरत. पडलेल्या घराची माती पुढच्या घराला. राडारोडा हा प्रकारच नव्हता, कारण टाकून देण्यासारखे काही उरतच नव्हते.

लाकडाचाही हिशेब होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल जे सांगितले आहे ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण ती रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा मजकूर आहे. त्याला 'पर्यावरणवाद' म्हणायची आपल्याला फार घाई असते. तो राज्यकारभार होता, रयत दुखावू नये म्हणून घेतलेली खबरदारी होती. मला ते जास्त मोलाचे वाटते.

आता सिमेंट. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे ते पिंपांतून विलायतेहून येई, महाग होते, आणि बंदरे, गोद्या अशा पाण्यातल्या कामांना वापरत. सरकारी इमारतीसुद्धा चुन्यातच बांधत. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ मध्ये पुरे झाले, ते दगड आणि चुन्याचे आहे, आणि आजही त्याच्या खालून रोज लाखो माणसे जातात. १९१४ मध्ये पोरबंदरला देशी सिमेंट व्यवस्थित तयार होऊ लागले. पहिले महायुद्ध आले, आयात आटली, नवे कारखाने निघाले. आणि मग १९२० च्या दशकात एक गंमत झाली. सिमेंट जास्त आणि गिऱ्हाईक कमी! कारखाने एकमेकांचे भाव पाडू लागले, प्रकरण टॅरिफ बोर्डापर्यंत गेले. म्हणजे सिमेंटला देशात मागणी नव्हती, ती तयार करावी लागली. त्यासाठी १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. काँक्रीटचे रस्ते, काँक्रीटची घरे, त्यांची पत्रके, नकाशे, इंजिनिअरांना मोफत सल्ला. १९३६ मध्ये १० कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, मुख्यालय मुंबईत. हे सगळे कामाचे आणि हुशारीचे होते, त्याबद्दल कौतुकच आहे. पण लोणाऱ्याची अशी असोसिएशन नव्हती. चुन्याचा भाव, चुन्याची कसोटी, चुन्याचे पुस्तक काढणारे कुणी नव्हते. इंजिनिअरिंग कॉलेजात जे शिकवले जाते तेच पुढे साईटवर वापरले जाते.

काँक्रीटची मोठी वस्ती मुंबईत पहिल्यांदा श्रीमंतांसाठी झाली नाही, हेही सांगतो. मरीन ड्राइव्हच्या गोल बाल्कन्या नंतरच्या. त्याआधी १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. ह्याच आपल्या बीडीडी चाळी. पैसा उभा केला कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून. सुरुवातीला कामगार तिथे राहायला तयार नव्हते, कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. तुरुंगासारख्या अंधाऱ्या म्हणून टीका झाली. त्यांची ताकद मात्र जबर, १०० वर्षे गेली. पुढे त्याच भिंतींत गणेशोत्सव झाले, चळवळी झाल्या, आणि आता त्या पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. या मुद्द्याकडे शेवटी येतो.

मध्यमवर्गाच्या घरात सिमेंट आले ते जरा वेगळ्या वाटेने. पुण्याचे इंजिनिअर र. स. देशपांडे यांची इंग्रजी पुस्तके १९३० च्या दशकात निघाली. मध्यमवर्गासाठी स्वस्त आणि आरोग्यदायी घरे, हा त्यांतल्या एकाचा विषयच होता. आरोग्यदायी हा शब्द नीट ऐका. १८९६ च्या प्लेगनंतरची ही पिढी. ओल, अंधार, सारवलेली जमीन, उंदीर, या सगळ्यांची भीती मनात बसलेली. चुन्याचे एक काम प्लेगने वाढवले, ते म्हणजे भिंतींना पांढरा हात मारून निर्जंतुक करण्याचे. पण मातीचे घर म्हणजे रोगट घर, ही समजूत तेव्हापासून घट्ट होत गेली.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. एकीकडे सेवाग्रामचा वारसा. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. माती, बांबू, कौले, गावातले कारागीर, आणि खर्चाला मर्यादा. मीराबेनच्या हातची ती घरे आजही उभी आहेत. १९४० च्या दशकात लॉरी बेकर नावाचा एक तरुण इंग्रज वास्तुविशारद मुंबईत बोटीची वाट बघत थांबला होता, त्याची गांधीजींशी गाठ पडली. घराचे सगळे साहित्य पाच मैलांच्या आत मिळावे, हा गांधींचा विचार त्याने आयुष्यभर बाळगला आणि केरळात हजारो घरे बांधून दाखवला. दुसरीकडे धरणे, पोलाद, सिमेंट. सिमेंट तर राष्ट्रउभारणीचे धान्यच. म्हणून त्याचे रेशनिंग होते, भाव सरकार ठरवी, वाटप परमिटवर.

ह्या दोन वाटांपैकी आपण कोणती धरली ते सगळ्यांना माहीत आहे. पण ती धरताना आपल्याला ढकलले कुणी? पुण्याच्या बाबतीत उत्तर तारखेनिशी देता येते. १२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासला, आणि मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा पेठेत शिरले. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती पाण्यात भिजल्या आणि बसल्या. लाकडी सांगाडा उभा, भिंत नाही, असे किती वाडे होते! लोकांनी निष्कर्ष काढला, मातीत राहायचे नाही. तो चुकीचा म्हणता येणार नाही. पाण्यात चार-सहा तास उभी राहिलेली मातीची भिंत जाते. पण त्या दिवशी फुटले होते ते धरण. दोष मातीच्या नावावर लिहिला गेला.

आणि वेळ अशी की १९६० मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला होता, १९६३ मध्ये फ्लॅटच्या मालकीचा कायदा आला, तो 'मोफा'. पूरग्रस्तांच्या वसाहती, सहकारी गृहनिर्माण संस्था, मुठेपलीकडचे नवे पुणे. फ्लॅट ही वस्तूच अशी आहे की ती मातीत बांधता येत नाही. तुमच्या डोक्यावर दुसऱ्याची मालकी, पायाखाली तिसऱ्याची. त्याला स्लॅब लागतो. मला विचाराल तर महाराष्ट्रात आरसीसी खऱ्या अर्थाने रुजवले ते या दोन कायद्यांनी. सिमेंट कंपन्यांच्या पत्रकांचा वाटा त्यापुढे किरकोळ होता.

मग टंचाई. १९७० चे दशक आणि ८० ची सुरुवात ज्यांना आठवते त्यांना सिमेंटचे परमिट आठवत असेल. घराचा पाया घालून दोन-दोन वर्षे लोक वाट बघत. काळ्या बाजारात दुप्पट भाव. महाराष्ट्रात तर सिमेंटवरून मुख्यमंत्री गेले. बॅरिस्टर अंतुले यांच्या काळात ट्रस्टला मिळालेल्या देणग्या आणि बिल्डरांना झालेले सिमेंटवाटप यांचा संबंध आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये म्हटले आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे फौजदारी खटला अनेक वर्षे चालला, तो वेगळा विषय. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की एक राखाडी भुकटी राज्याच्या राजकारणाचा मध्य झाली होती.

टंचाई वाईट खरी, पण पर्यायांवर सगळ्यात चांगले काम त्याच काळात झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये 'अस्त्र' हा गट निघाला आणि दाबून केलेल्या मातीच्या विटांवर त्यांनी शास्त्रशुद्ध प्रयोग केले. बेकरनी तिरुवनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज विटांच्या जाळीदार भिंतींनी उभे केले. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची त्यांची रीत, रॅट-ट्रॅप बाँड, साधारण चौथाई विटा वाचवते आणि घर गार ठेवते. वर्ध्यात १९७६ मध्ये सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस निघाले, त्यांनी कुंभाराच्या चाकावरच्या शंकूसारख्या नळ्या एकमेकींत अडकवून छताच्या कमानी केल्या. सिमेंट नाही, लोखंड नाही, लाकूड नाही. मग २८ फेब्रुवारी १९८२ ला सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले, १ मार्च १९८९ ला पूर्ण. १९८१ च्या सुमारास देशात वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास सिमेंट होत होते, आता ४० कोटी टनांच्या वर होते. कोपऱ्यावरच्या दुकानात गोणी मिळू लागल्यावर शंकूच्या नळ्या कोण मागणार?

यानंतरचा भाग जरा जड आहे, पण तो टाळून हा विषय सांगता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून माणसे नुकती झोपलेली. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. भूकंप फार मोठा नव्हता, ६.२ तीव्रतेचा. माणसे मेली ती घरांखाली.

घरे कशी होती? दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या. बाहेरचा दगड नीट, आतला दगड नीट, मधे नुसते भरताड. दोन्ही बाजूंना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद. पावसाळ्यापूर्वी गळू नये म्हणून दरवर्षी नवा मातीचा थर, जुना कुणी काढत नाही. असे करत दीड-दोन फूट माती डोक्यावर. भिंती दोन्हीकडे उसवल्या आणि माळवद खाली आले. कुडाच्या झोपडीतली माणसे वाचली, ज्याने पै-पै जमवून दगडी घर बांधले तो गेला. मातीच्या, दगडाच्या घरांचे गुणगान करणाऱ्या प्रत्येकाने हा परिच्छेद पाठ करावा असे मला वाटते. 'पारंपरिक' म्हणजे आपोआप सुरक्षित नाही.

पण त्याच गावांत आणखी एक घर होते. त्याला 'खणाचे घर' म्हणतात. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, आणि त्यांवर माळवद. भिंत फक्त आडोशाला. अशा कित्येक घरांत भिंती बाहेर कोसळल्या, पण माळवद खांबांवर उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. पाहणीला आलेल्या इंजिनिअरांनी हे नोंदवून ठेवले आहे. म्हणजे परंपरेत दोन घरे होती, एक मारणारे, एक वाचवणारे. लाकूड दुर्मीळ आणि महाग होत गेले तसे खांब गेले आणि छताचा भार थेट भिंतीवर आला. खणाच्या घराचा अर्धा भाग विसरून उरलेला अर्धा आपण बांधत राहिलो.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली, दीड लाखाहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. आरपार दगड कसा बसवायचा, माळवदाची माती कशी हलकी करायची, भिंतीला वरून पट्टा कसा बांधायचा, हे गवंड्यांना शिकवले गेले. मातीच्या आणि दगडी घरांसाठी भूकंपरोधनाची भारतीय मानके, आयएस १३८२७ आणि १३८२८, त्याच वर्षीची आहेत. ज्ञान होते, कागद होता. पण लोकांना दगड डोळ्यांसमोर नको होता. पडलेल्या घरांच्या दगडांचे ढीग तसेच राहिले आणि नवी घरे स्लॅबची झाली, उन्हाळ्यात तापणारी. ज्याची माणसे दगडाखाली गेली त्याला 'दगड वाईट नाही, रचना वाईट होती' हे कोण आणि कसे समजावणार? मी त्यांना दोष देत नाही. मी फक्त सांगतो की मराठवाड्यात मातीच्या बांधकामाचा शेवट त्या पहाटे झाला.

उरलेले काम एका शब्दाने केले. 'पक्के'. जनगणनेत भिंत मातीची किंवा कच्च्या विटांची असेल तर ती कच्ची, भाजल्या विटांची, दगडाची, सिमेंटची असेल तर पक्की. घरकुल मिळायचे तर पक्के बांधायचे. योजनांच्या सूचनांत स्थानिक साहित्याला जागा आहे, पण ग्रामसेवकापासून बँकेच्या मूल्यांककापर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात पक्के म्हणजे सिमेंट. मातीच्या घरावर गृहकर्ज मागून बघा! बँक विचारते, याचे आयुष्य किती? त्याचे उत्तर देणारा सही-शिक्क्याचा माणूस नाही. माझ्या मते कमी कार्बनच्या बांधकामाची अडचण साहित्याची नाहीच, हमीची आहे.

म्हणूनच ज्या सुधारणा यशस्वी झाल्या त्या बघा. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेबद्दल केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढली. कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे, भुसावळ इथे राखेचे डोंगर होते. मानकात बसत असल्याने सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख बिनबोभाट मिसळली जाऊ लागली, आणि तुमच्या-माझ्या घरात ती आहे, आपल्याला माहीतही नाही. आता नवे आहे 'एलसी३'. भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणायचा. माती ७००-८५० अंशांवर भाजते. कार्बन ३० ते ४० टक्के कमी. स्वित्झर्लंडच्या संस्थेबरोबर आपल्या आयआयटींनी यावर बरीच वर्षे काम केले, आणि २०२३ मध्ये त्याला भारतीय मानक मिळाले, आयएस १८१८९. सुरखी मिसळणाऱ्या गवंड्याला हे ऐकून हसू आले असते. भाजलेली माती आणि चुना, तो दुसरे काय करत होता?

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी बीडीडी चाळी राखून ठेवल्या होत्या. कंत्राटदारांचा ढोबळ हिशेब असतो, चौरस फुटाला ०.४ गोणी सिमेंट आणि ४ किलो लोखंड. हजार फुटांचे घर म्हणजे ४०० गोण्या आणि ४ टन सळई. नुसत्या या दोनांचा कार्बन २० टनांच्या घरात जातो, उंच टॉवरला जास्तच. हल्ली 'मायवान' पद्धतीने भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. काम भराभर होते, खिळा मात्र ठोकता येत नाही. घर बांधून होण्याआधीच हा खर्च होऊन गेलेला असतो. हरित प्रमाणपत्रांचा भर बराचसा नंतरच्या विजेवर आणि पाण्यावर. आणि पाडलेल्या इमारतीचे काय? चुन्यात बसवलेली वीट ठोकून सुटी होते, पुन्हा वापरता येते. जुन्या वाड्यांचे खांब, दरवाजे विकत घेऊन लोक नवी घरे बांधत. सिमेंटमधली वीट सुटत नाही, फुटते. तिचा राडारोडाच होतो, आणि तो रात्रीतून ओढ्यात, नाहीतर खाडीत जातो.

याच मुंबईत १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारती पडत होत्या, म्हणून दुरुस्ती उपकर बसवला. आपण 'उपकरप्राप्त इमारत' म्हणतो ती त्यातूनच आली. दुरुस्ती हा शब्द नावात आधी होता, पुनर्रचना नंतर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) आले, जुनी इमारत पाडून बांधली तर जादा एफएसआय. तेव्हापासून दुरुस्तीच्या पारड्यात काही उरले नाही. दुरुस्ती करा, पैसे खिशातून जातात. पाडा, मोठे घर फुकट मिळते. कुटुंब वाढलेले, खोली १६० फुटांची, त्या माणसाने काय निवडावे? मीही तेच निवडले असते. पण बीडीडीतल्या खोलीची गोष्ट आणि १९८५ सालच्या, दोन-तीन बेडरूमच्या धडधाकट सोसायटीची गोष्ट एक नाही, आणि नियमावलीला हा फरक दिसत नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या सोसायट्या ३० वर्षे ओलांडलेल्या असतील, मुंबईत तर आता स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे. त्या अहवालात बहुधा दोनच शब्द शोधले जातात, 'धोकादायक' आहे की नाही. तिसरी गोष्ट मागून घ्या. सळई उघडी करून, गंज काढून, जॅकेटिंग केले तर ही इमारत आणखी किती वर्षे उभी राहील आणि त्याला खर्च किती. ऑडिटर हे लिहून देऊ शकतो, विचारले तर. सर्वसाधारण सभेत बिल्डरच्या प्रस्तावाशेजारी हा कागद ठेवा आणि मग मतदान घ्या.

वेळ संपत आली आहे. किल्लारीच्या खणाच्या घरांबद्दल मागून कुणीतरी हात वर केला होता, तिथून प्रश्न घेऊ.